गच्चीवरचा गळ

खोली बघायला गेले तेव्हा त्या घरमालकांनी मला लग्नाचं विचारलं नाही, माहेरचं विचारलं नाही, घरी मांसमच्छी शिजवणार का, हेही विचारलं नाही. जळगावात तोवर मी जितक्या खोल्या पाहिल्या होत्या तिथं हेच प्रश्न आधी आले होते, त्यामुळे मी उत्तरं घोकूनच गेले होते. हे गृहस्थ झोपाळ्यावर बसले होते. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी आणि गळ्यात तुळशीची माळ. माझ्याकडे चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "मॅडम, कॉलेजात काय शिकवता तुमी?"

"जीवशास्त्र."

"म्हंजे प्रान्यायचं?"

"प्राण्यांचं, वनस्पतींचं, दोन्ही."

"मासोयीचं?"

"मासळीचं ना? आहे की. एक धडा आहे."

"मंग खोली तुमची," असं म्हणून त्यांनी आत हाक मारली, "अवं, चहा ठेव. भाडेकरू आली."

चहा आला तो अर्धा कप. मी धुळ्याची. आमच्याकडे चहा कपातून थोडा बशीत उतरलेला नसेल तर पाहुण्याला वाटतं, आपण नको होतो. मी त्या अर्ध्या कपाकडे बघितलं, मग त्यांच्या कपाकडे बघितलं. त्यांचाही अर्धाच होता. चहा घेऊन आलेल्या बाईंचाही अर्धाच. मनात म्हटलं, भाडं वेळेवर द्यावं लागणार बरं का.

त्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागले. रावेरकडची केळीवाली माणसं. मळा, विहीर, पाट, सगळं व्यवस्थित असताना आबांनी एक दिवस कारभार मुलाच्या हाती दिला आणि जळगावात घर बांधून राहायला आले. का, ते कुणाला कळलं नव्हतं. मळ्यात त्यांच्या शब्दाशिवाय घड उतरत नसे म्हणे. लांबलांबचे शेतकरी त्यांना विचारायला येत, की आबा, पानं पिवळी पडताहेत, काय करू? तेच शेतकरी आता जळगावच्या घरी आले तरी आबा हात जोडून म्हणत, "मले काय विचारता? मी शिकाऊ हाये." आणि शिकाऊ कशात, असं कुणी विचारलं तर गच्चीकडे बोट दाखवत.

समुद्रापासून इतक्या लांब राहून मासेमारीची तालीम करणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला. सकाळी माझ्या डोक्यावर गच्चीत आधी 'सूंऽऽ' असा आवाज येई आणि मागोमाग 'टण्ण'. सुरुवातीला वाटलं माकडं आलीत. वर जाऊन बघते तर आबा गच्चीच्या एका टोकाला मासे पकडायची लांब काठी घेऊन उभे, आणि दुसऱ्या टोकाला पाण्यानं भरलेलं घमेलं. काठीच्या चक्रीवरून दोरा भिरभिरत सुटे आणि टोकाला बांधलेला लाकडी मासा घमेल्यात पडे, किंवा कडेला आपटे, किंवा भलतीकडेच जाई. भलतीकडे जाण्याचं प्रमाण जास्त होतं.

एकदा तो शेजारच्या गच्चीवर गेला. शेजारच्या काकूंनी साडी अंथरून बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत घातल्या होत्या. गळ साडीत अडकला आणि आबांनी जोर लावून चक्री फिरवली. साडी बिबड्यांसकट कठड्याकडे सरकू लागली. काकू जिन्यातून वर आल्या तेव्हा त्यांच्या बिबड्या रांगेनं आमच्या गच्चीकडे निघाल्या होत्या. त्यांनी जो आरडाओरडा केला तो रिंगरोडपर्यंत गेला असेल. आबा शांतपणे म्हणाले, "ताई, रागावू नका. शिकाऊ हाये. पन पाहा, लागलं तर खरं काहीतरी!"

हे खूळ शिरलं ते मोबाइलमुळे. नातवानं त्यांना व्हिडिओ बघायला शिकवलं होतं. कीर्तनं बघता बघता आबा एक दिवस कुठल्याशा थंड देशातल्या समुद्रकिनाऱ्यावर पोचले. तिथं एक लाल दाढीचा गोरा खडकावर उभा राहून नवशिक्यांना शिकवत होता, की किनाऱ्यावरून मोठा मासा कसा पकडावा. आबांना त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण त्या गोऱ्यानं मासा ओढला, उचलला, त्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि परत पाण्यात सोडून दिला. आबांनी तो व्हिडिओ मला दाखवला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "पाहा मॅडम. पकडे, मुका घे, सोडून दे. ना हत्या, ना पाप. माळकऱ्याले याच्यात काय आडकाठी?"

त्या माशाचं नाव शोधून द्यायचं काम माझ्यावर आलं. मला मासा माहीत तो प्रयोगशाळेतल्या बरणीतला, पांढरा पडलेला. तरी शोधलं आणि सांगितलं, की ह्याच्याच घराण्यातला म्हणावा असा आपल्याकडे कोकणच्या खाड्यांत असतो, जिताडा म्हणतात. झालं. त्या दिवसापासून आबांच्या तोंडी जिताड्याशिवाय विषय नाही. जिवंत कोळंबी गळाला लावतात म्हटल्यावर त्यांनी कानांवर हात ठेवले. मग खोटे मासे करायचं ठरलं. मळ्यातून वाळलेल्या पऱ्हाटीच्या जाड काड्या आल्या. कापसाचं हे लाकूड हलकं असतं आणि पाण्यावर तरंगतं. आबा चाकू घेऊन ते तासत बसत. डोळे माझ्या नेलपॉलिशनं रंगवलेले. त्या वर्षी माझी लाल बाटली जिताड्याच्या डोळ्यांतच संपली.

अक्कांना हे सगळं म्हणजे म्हातारचळ वाटे, निदान तोंडानं त्या तसं म्हणत. "देवाचं नाव घ्यायच्या वयात मासोया धरू ऱ्हायले," असं म्हणून त्या माझ्यासमोर तोच अर्धा कप ठेवत. त्यांचा हा अर्धा कप गल्लीत गाजला होता. भिशीच्या बायका येवोत, गावाकडचा सोयरा येवो, पोस्टमन येवो, अर्ध्याच्या वर चहा नाही. एरवी ताटात भरीत वाढताना थांबा म्हटलं तरी न थांबणारी ही बाई चहालाच का अशी, ते कुणाला उमगत नसे. अक्काचा हात आखडता, असं बायका बोलत. अक्कांच्या कानावर ते जात असणारच. त्या हसत आणि अर्धाच कप भरत.

मला आबा आवडत, पण त्यांची थट्टाही मी पुष्कळ केली. एका सकाळी ती थांबली. कपडे वाळत घालायला वर गेले तर आबा पाठमोरे उभे होते. खोट्या माशाच्या नाकातून दोरा ओवायचं चाललं होतं. ओवला जात नव्हता. उजवा हात वाऱ्यावर केळीचं पान हलावं तसा हलत होता. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं, दोरा पुढे केला, पुन्हा चुकला. मी परत फिरणार तेवढ्यात त्यांनी मान वळवली.

"मॅडम, तिले सांगू नका," ते म्हणाले.

मी बादली खाली ठेवली. आबा कठड्यावर टेकले आणि हात मांडीखाली दाबून बसले. तो त्यांचा नेहमीचा बसायचा प्रकार होता. मला वाटायचं लकब आहे.

"डॉक्टरले दाखवलं. गोया चालू हायेत. कंपवात हाये म्हने. माह्या बापाचा हात बी असाच सुरू झाला. मंग मान. मंग त्याले खाटीवर बसवून घास भरवत. गावात ज्याच्या शब्दाले मोल, त्याच्या गयाले लेकरासारखं फडकं बांधेल. तो जेवताना भिंतीकडे तोंड करून बसे. म्या पाह्यलं हाये ते."

मग मळा का सोडला तेही त्यांनी सांगितलं. घड उतरवताना विळा निसटला आणि खाली उभ्या गड्याच्या खांद्याजवळून गेला. त्याला लागलं नाही. आबांनी त्याच संध्याकाळी मुलाला बोलावून सांगितलं, की आता तू बघ.

"मग हे गच्चीवरचं कशाला, आबा?" मी विचारलं. 

"जे येतं ते तर जाईनच हातातून. एखादी न येनारी गोष्ट याच हातानं शिकून पाहतो. एकच जिताडा. मंग काय व्हायचं ते होवो." मग ते म्हणाले, "तवर तिले कयू द्यायचं नही."

म्हणून आम्ही गेलो. माझी बहीण तेव्हा रायगडात एका खाडीकाठच्या गावात राहत होती. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे जाणारच होते. आबांनी गाडी ठरवली. अक्का म्हणाल्या, एवढ्या लांब म्हाताऱ्याला एकटं जाऊ देणार नाही. डब्यात कळण्याच्या पुऱ्या, ठेचा, शेव आणि टपावर एक प्लास्टिकची खुर्ची बांधून आमची वरात निघाली. खुर्ची त्या गोऱ्याच्या व्हिडिओत होती म्हणे.

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आबांना चहापाणी काही सुचेना. काठी घेऊन थेट खाडीवर. तिथं पाणीच नव्हतं. लांबच लांब काळा चिखल, त्यात आडव्या पडलेल्या होड्या आणि पलीकडे पाण्याची एक बारीक रेघ. मी पुस्तकात भरती-ओहोटी शिकवते, पण गडबडीत मलाही ते आठवलं नाही. आबा मात्र जराही गोंधळले नाहीत. जन्मभर पाटाच्या पाण्यावर केळी काढलेला माणूस. पाणी येतं, आपली बारी संपली की जातं, ह्यात त्यांना नवल कसलं? डोक्यावर टोपली घेऊन एक कोळीण चिखलातून वर येत होती. आबांनी तिला हात जोडून विचारलं, "माय, अठला पाटकरी कोन हाये?"

"कोण?" ती थबकली.

"पानी सोडतो तो. बारी कवा लावली त्यानं?"

मी मध्ये पडले आणि सांगितलं, की आमच्याकडे कालव्याचं पाणी वाटणाऱ्या माणसाला पाटकरी म्हणतात. ती बाई इतकी हसली की टोपली सावरायला तिला खाली बसावं लागलं. मग तिनं डोंगराच्या माथ्याकडे बोट केलं. दिवसाउजेडी फिकट चंद्र वर आला होता. "तो बघा तुमचा पाटकरी. जिताडा पायजे तर सकाळच्या भरतीला या, बाबा."

आबांनी टोपी काढून चंद्राला नमस्कार केला. "याच्याकडे वशिला चालत नही," ते अक्कांना म्हणाले. अक्का पदराआड हसत होत्या. खाडीवरून परतल्यावर कोकणातही त्यांनी माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात शिरून सगळ्यांना अर्धा अर्धा कप चहा दिला.

सकाळी खाडी भरत होती. कालच्या चिखलाचा मागमूस नव्हता. अक्का खुर्चीवर बसल्या, आबा पायजमा वर दुमडून गुडघाभर पाण्यात उभे राहिले, आणि मी त्यांच्या बाजूला. कालची ती बाई होडीची वाट बघत धक्क्यावर बसली होती. आबांनी काठी मागे नेली आणि दोरा सोडला. इतका सुंदर फेकला, की गच्चीवरचं घमेलं असतं तर बरोबर मधोमध पडला असता. मग त्यांनी चक्री फिरवायला सुरुवात केली. डाव्या हातानं चक्री, आणि काठी धरलेला उजवा हात छातीशी आवळून, कोपर बरगड्यांत रुतवून, जीव खाऊन स्थिर धरलेला. खोटा मासा काटकीसारखा सरळ येई. पुन्हा फेकला, पुन्हा तसाच आला. ऊन चढायला लागलं. आबांच्या मानेवर घाम होता. त्यांचं लक्ष माशाकडे नव्हतं, पाठीमागे खुर्चीकडे होतं. अक्कांना हात दिसू नये एवढीच त्यांची धडपड चालली होती. मला वाटलं, आता पुरे म्हणावं, घरी जाऊ.

धक्क्यावरून ती बाई ओरडली, "ओ बाबा, तो हात कशाला आवळून धरलाय? सोडा की. लाकूड मेल्यासारखं येतंय. जरा थरथरू द्या, तर जिताडा बघेल."

आबा तसेच उभे राहिले. मग त्यांनी कोपर बरगडीपासून सोडवलं. हात हलायला लागला. मनगट, काठी, काठीचं टोक, सगळं हलायला लागलं, उघड्यावर, चारचौघांत, अक्कांच्या समोर. पाण्यातला तो पऱ्हाटीचा मासा अंग चोरून पळणाऱ्या जिवंत माशासारखा थरथरत निघाला.

"आता कसं!" बाई म्हणाली. "हात चांगलाय हो तुमचा."

मी अक्कांकडे बघितलं. त्या पाण्याकडे बघत होत्या.

आणि काठी वाकली. एकदम, अर्धवर्तुळ. चक्री किंचाळली. आबा दोन पावलं पुढे ओढले गेले. मी जीवशास्त्र विसरले, कॉलेज विसरले, आणि धुळ्याच्या बोलीत किंचाळले, "मोठा शे, आबा! धरी ठेवा! मोठा शे!" पाण्याबाहेर चांदीचं एक अंग उसळलं आणि धपकन पडलं. आबांचे दोन्ही हात लटपटत होते. काठी आता सुटणार हे मला दिसत होतं, मी पुढे झाले, पण माझ्या आधी अक्का पाण्यात शिरल्या. नऊवारीचा ओचा खोचलेला, गळ्यात माळ, जन्मात मासा न शिवलेली ती बाई. त्यांनी आबांच्या थरथरत्या मुठीवर आपल्या दोन्ही मुठी आवळल्या.

"सोडू नका," त्या म्हणाल्या. "म्या धरेल हाये."

मासा हातभर लांब होता. आबा पाण्यातच गुडघ्यांवर बसले, गळ काढला, आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला. मग दोन्ही तळव्यांवर त्याला पाण्यात धरून ठेवलं. तळवे थरथरत होते आणि त्यांच्यावर तो निवांत कल्ले हलवत होता. थोड्या वेळानं शेपटी फिरली आणि तो गेला.

"सोडला?" धक्क्यावरची बाई उभीच राहिली. "एवढा जिताडा सोडला?"

"माळकरी हावो, माय," आबा म्हणाले. तिनं कपाळाला हात लावला.

तिघंही ओलेचिंब होऊन काठावर बसलो.  आबा अक्कांकडे न बघता म्हणाले, "हात पाह्यला ना माहा?"

"आज पाह्यला व्हय?" अक्का पदर पिळत म्हणाल्या. "तुमी मळ्यात 'मले आजपासून अर्धाच कप दे' म्हटलं, त्याच दिवशी पाह्यला. भरेल कप सांडते म्हनून अर्धा मांगता, ते मले कयत नही? तुमचा एकट्याचा अर्धा दिसला असता तर चार मानसायनं विचारलं असतं. म्हनून साऱ्यायलेच अर्धा देऊ ऱ्हायली मी."

आबांनी मान खाली घातली. मी तर सरळ रडले. गल्लीतल्या बायका, भिशी, ते टोमणे, आणि ही बाई हसत हसत कप अर्धा भरते, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मीही तिला कंजूष समजत होते.

जळगावला परतलो त्या सकाळी शेजारच्या काकू विचारपूस करायला आल्या. अक्का चहा घेऊन आल्या. सगळे कप काठोकाठ. काकूंनी कपाकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. आबांनी कप उचलला, बशी खडखडली आणि चहा पायजम्यावर सांडला. ते थबकून म्हणाले, "सांडला."

"सांडू द्या," अक्का म्हणाल्या आणि किटली पुढे केली.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली. आबांचे फोन यायचे, ते गच्चीवरच्या बातम्या द्यायचे. मग फोन अक्का करू लागल्या. शेवटचं भेटायला गेले ती दुपार होती. दाराशीच झोपाळ्यावर त्यांना उशा लावून बसवलं होतं, रस्त्याकडे तोंड करून. जाणारा येणारा रामराम करत होता. मान हलत होती, दोन्ही हात हलत होते, आणि गळ्यात माळेवरून फडकं बांधलेलं होतं. मला ते फडकं बघवेना. त्यांच्या वडिलांची ती भिंत मला आठवली.

अक्कांनी भरलेला कप त्यांच्या ओठांशी धरला. पहिला घोट नीट गेला नाही, हनुवटीवरून खाली आला. आबा माझ्याकडे बघून हसले.

"यातबी शिकाऊच हाये मी, मॅडम," ते म्हणाले. अक्कांनी फडक्यानं हनुवटी पुसली आणि कप पुन्हा काठोकाठ भरला.